घरातली जुनी पोर्ट वाइन विकता येते का?

वसई-विरारमधल्या एखाद्या घरात परदेशातून आणलेल्या ‘व्हिंटेज पोर्ट’च्या चार बाटल्या जमल्या असतील, तर त्यांचे फोटो फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘विकणे आहे’ म्हणून टाकण्याआधी थांबलेले बरे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू विकणे गुन्हा आहे. कलम ६५ विकणाऱ्याला लागू होते तसेच विकत घेणाऱ्यालाही. शिक्षेत तुरुंगवास आणि दंड दोन्ही आहेत. दारू पिण्याचा वैयक्तिक परवाना असला, तरी त्याने विक्रीचा हक्क मिळत नाही. बाटली एकच आहे, स्वतःच्या संग्रहातली आहे, ही सबबही चालत नाही.

मग अशा बाटल्यांना हजारो रुपये मिळतात ते कुठे? मुख्यतः लंडनसारख्या ठिकाणच्या लिलावांत. तिथे पहिला प्रश्न असतो, बाटली इतकी वर्षे ठेवली कशी? व्हिंटेज पोर्ट पिंपात साधारण दोन वर्षे राहते आणि पुढे बाटलीतच कित्येक दशके मुरते. त्यासाठी थंड, अंधारी जागा लागते आणि बाटली आडवी ठेवावी लागते. वसईच्या उकाड्यात लोखंडी कपाटात वीस वर्षे उभ्या राहिलेल्या बाटलीला भाव येणे कठीणच.

गोव्यात बनणारी स्वस्त, गोड ‘पोर्ट’ वेगळी. ती जुनी झाली म्हणून महाग होत नाही.

आणि कुणी ‘वसईतल्या पोर्तुगीज काळातली’ पोर्ट दाखवलीच, तर दोन तारखा आठवाव्यात. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली १७३९ मध्ये. पोर्ट जिथे बनते त्या दोरू खोऱ्याची हद्द पोर्तुगालने आखली १७५६ मध्ये.