जिंतूर, हिजरी 631 आणि बी.ए.चा वर्ग

जिंतूरचं जुनं नाव जैनपूर होतं, असं परभणी जिल्ह्यात सांगतात. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात इथे जैनांची मोठी वस्ती होती. पुढे हिजरी 631 मध्ये कादरी नावाच्या इराणी बंधूंनी हल्ला केला, मंदिरं पाडली आणि गावाला जिंतूर हे नाव दिलं, अशी ती कथा. गावाजवळच्या नेमगिरीच्या डोंगरातली जैन लेणी पाहायला येणाऱ्याच्या कानावर ती कुठे ना कुठे पडते. बी.ए. तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या प्रकल्पासाठी हाच विषय घेतला होता. त्यांच्या सरांनी मला बोलावलं होतं ते वेगळ्या कामासाठी, काही उर्दू कागद वाचून द्यायला. पण अर्धी दुपार या हिजरी 631 मध्येच गेली.

पोरांनी 631 मध्ये 622 मिळवून इसवी सन 1253 काढलं होतं. हा हिशेब असा होत नाही. हिजरी वर्ष चांद्र, साधारण 354 दिवसांचं. 631 चांद्रवर्षं म्हणजे सुमारे 612 सौरवर्षं; त्यात 622 मिळवले की आपण 1234 पाशी येतो. नेमकं सांगायचं तर 1233-34. हे फळ्यावर मांडल्यावर मी विचारलं, त्या वर्षी जिंतूरवर राज्य कोणाचं होतं? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "यादवांचं."

बरोबर. देवगिरीला तेव्हा सिंघण दुसरा होता, यादवांचा सगळ्यात बलाढ्य राजा. दिल्लीच्या तख्तावर इल्तुत्मिश. त्याच सुमारास त्याच्या फौजा माळव्यात भिलसा आणि उज्जैनपर्यंत आल्या आणि तिथूनच परत फिरल्या. अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला तो 1296 मध्ये, म्हणजे त्यानंतर साठहून जास्त वर्षांनी. सिंघणाच्या राज्याच्या पोटात दोन भाऊ येतात, शहर जिंकतात, नाव बदलतात आणि यादवांचा राजा ते पाहत बसतो, हे काही पटत नाही.

दुसरी गोष्ट 'कादरी' या नावाची. ज्यांच्या नावावरून हा सिलसिला ओळखला जातो ते शेख अब्दुल कादिर जिलानी 1166 मध्ये बगदादला वारले. दख्खनेत कादरी सिलसिला रुजलेला दिसतो तो बहामनी काळाच्या उत्तरार्धात, बिदर-विजापूरकडे. फौजेच्या आधीच सूफी आले होते अशा आख्यायिका आपल्याकडे आहेत. दौलताबादचे मोमिन आरिफ किंवा खुलताबादचे गंज रवां यांच्याविषयी तसं सांगतात. पण तलवार घेऊन आलेल्या सूफींच्या कथा बहुतेक वेळा नंतरच्या शतकांत रचल्या गेल्या, असं खुलताबादच्या सूफींवर काम करणाऱ्या कार्ल अर्न्स्ट यांच्यासारख्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. आणि या कथा फक्त 'त्यांच्याकडे' सांगितल्या जातात असंही नाही. दर्ग्याच्या ओट्यावर बसून "हमारे बुजुर्गां ने ये मुलुख फतह किया" असं छाती फुगवून सांगणारे आपल्याकडे थोडे नाहीत. एकाला त्यात अन्याय दिसतो, दुसऱ्याला पराक्रम. तारीख तपासायला दोघांनाही सवड नसते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात गमतीची वाटते. 'जिंतूर' या शब्दात फारसी-अरबी काय आहे? दक्षिणेत 'ऊर' म्हणजे गाव. लातूरचं जुनं नाव लत्तलूर, हे राष्ट्रकूटांच्या बिरुदावलीतच आहे. मग जिंतूर म्हणजे जिनांचं ऊर असेल काय? भाषेच्या जाणकाराला विचारायला हवं. पण जेत्यांनी नावं बदलली की ती कशी होतात, हे मराठवाड्याला सांगायला नको. देवगिरीचं दौलताबाद झालं, अंबाजोगाईचं मोमिनाबाद. जैनपूर पुसून टाकायला निघालेला माणूस नव्या नावातही जिनालाच कशाला ठेवेल?

"मग सर, निष्कर्षात काय लिहू?" त्यातल्या एकाने विचारलं. त्याला भीती वाटत होती. गावातली सर्वांना माहीत असलेली गोष्ट खोटी म्हणायची आणि तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे. मी म्हटलं, एवढंच लिही की ही तारीख टिकत नाही. मूर्ती कधी भंगल्याच नाहीत असं तुला म्हणायचं नाही. कोणी भंगल्या, केव्हा, कशासाठी, हे या कथेवरून सांगता येत नाही, इतकं पुरे. एका विद्यार्थ्याला तेवढ्यावरच थांबता आलं तर त्याने पीएच.डी.वाल्यांपेक्षा चांगलं काम केलं म्हणायचं.

आता पदवीचा प्रकल्प म्हणजे काय असतं, हे ज्यांची पोरं कॉलेजात आहेत त्यांना ठाऊक आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला वेगळे श्रेयांक आहेत, चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सची सोय आहे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीची फाइल मिळते, नाव बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं. विषयही ठरलेले: छत्रपतींची युद्धनीती, 1857ची कारणं, गांधीजींचं सत्याग्रहाचं तत्त्वज्ञान. या विषयांत वाईट काही नाही. पण जिंतूरच्या पोराला त्यावर नवं असं एक वाक्य लिहिता येत नाही, आणि ज्यावर तो लिहू शकेल ते त्याच्या घरच्या पेटीत पडून असतं.

मी वाचायला गेलो होतो ते कागद असे पेटीतूनच आले होते. एक जमिनीचं खरेदीखत, काही वसुलीच्या पावत्या, एक अर्ज. आणणारी बहुतेक पोरं हिंदू घरांतली. आश्चर्य वाटायचं कारण नाही. हैदराबाद संस्थानात 1880च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. तेव्हापासून संस्थान जाईपर्यंत मराठवाड्यातल्या पाटलाचं, कुळाचं, साहुकाराचं, सगळ्यांचं सरकारदरबारी जगणं उर्दूत नोंदलं गेलं. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये स्थापन झालं आणि तिथे कायद्यापासून रसायनशास्त्रापर्यंत सगळं उर्दूतून शिकवलं जाई. मराठी माणसाच्या शेतीची हद्द ज्या लिपीत आहे ती लिपी आज त्याला वाचता येत नाही. आणि वर्गातल्या मुस्लिम पोरांपैकी निम्म्यांनाही येत नाही, कारण ती मराठी शाळेत शिकली. घरी दखनी बोलतात, कुरआन शरीफ वाचतात, पण घाईत लिहिलेली कचेरीची शिकस्ता समोर आली की अडतात. नुक्ते गायब, अक्षरं एकमेकांत गुंतलेली. मलाही एका पावतीवर अर्धा तास लागला.

या कागदांची किंमत सरकारला 2023 मध्ये कळली. मराठा आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकाळातली दप्तरं उघडली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, जन्ममृत्यूच्या नोंदी. त्या वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारी माणसं धुंडाळावी लागली. समिती हैदराबादपर्यंत गेली. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर तर 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द पारावरच्या गप्पांत आला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला दिसलं ते एवढंच, की जी भाषा काल 'त्यांची' होती तिच्यातल्या एका ओळीसाठी लोक रांगेत उभे राहिले. तहसीलमधून निवृत्त झालेल्या उर्दू जाणणाऱ्या वृद्धांना अचानक चहा मिळू लागला.

वि. का. राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यात फिरले, रुमाल सोडवून कागद पाहिले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड उभे राहिले. मराठवाड्याच्या उर्दू कागदांना असा राजवाडे भेटला नाही. निलंग्यात जन्मलेले, फारसी-उर्दू कोळून प्यायलेले सेतुमाधवराव पगडी होते, पण एका माणसाने किती करायचं? हे काम आता तालुक्याच्या कॉलेजातली पोरंच करू शकतात. कोणत्या घरात पेटी आहे हे त्यांनाच माहीत, आणि पेटी उघडली जाते तीही ओळखीवर.

पण पेटीतल्या कागदापेक्षा लवकर संपणारी दुसरी एक गोष्ट आहे. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. तेव्हा बारा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या घरात आहे. पाच वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.

पुस्तकात या विषयावर मुक्तिसंग्राम असतो, आणि तो असायलाच हवा. रझाकारांचे अत्याचार खरे होते. कासिम रझवीच्या टोळ्यांना विरोध करणाऱ्या 'इमरोज'च्या शोएबउल्ला खान या तरुण संपादकालाही त्यांनी ऑगस्ट 1948 मध्ये ठार केलं. पण 17 सप्टेंबरनंतर काय झालं ते मात्र वर्गात कोणी सांगत नाही. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्या नोव्हेंबर-डिसेंबरात गावोगाव फिरून 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन मराठी नावं आहेत. परभणी मध्येच. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. त्यात हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना वाचवल्याच्याही नोंदी आहेत. म्हणजे अहवाल दाबला गेला तेव्हा ही चांगली माणसंही दाबली गेली.

यादवांचं नाव सांगणाऱ्या मुलीने आपल्या नानीला विचारलं होतं. नानी आजवर घरात कधी बोलली नव्हती. मामांना माहीत नाही, अब्बांना माहीत नाही. नातीने मोबाइल पुढे ठेवला तेव्हा म्हणाली, "पुलिस ॲक्शन में हम तीन रोज जुवारी के खेत में थे." बस. मग पाणी मागितलं आणि निजली. दुसऱ्या दिवशी स्वतःहून पुढचं सांगितलं: चौथ्या रात्री एका पाटलाने त्यांना आपल्या वाड्यात नेऊन बळदात लपवलं. पाटलाचं नाव सांगितलं, गावाचं नाव नाही सांगितलं. अशा जागी प्राध्यापक गेला तर बाई पदर ओढून आत जाते. नात जाऊ शकते. पदवीच्या मुलीचं संशोधन कच्चं असतं वगैरे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिच्याच पुढच्या बाकावरच्या मुलाच्या आजोबांनी रझाकारांच्या भीतीने गाव सोडलं होतं, बैलगाडीत म्हातारी आई घालून. दोघांचे प्रकल्प वेगवेगळे होते. सरांनी ते एकत्र करू का, असं मला विचारलं. मी नको म्हटलं. एकत्र केले की कोणीतरी एकाच्या दुःखातून दुसऱ्याचं दुःख वजा करायला बसतो. दोन्ही फाइली शेजारी ठेवा, पुरे आहे.

ठेवायच्या कुठे, हा खरा प्रश्न आहे. तोंडी परीक्षा झाली की या फाइली विभागाच्या कपाटात जातात आणि तीन-चार वर्षांनी रद्दीत. मी सरांना सुचवलं की ग्रंथालयात दाखल क्रमांक देऊन घ्या, आवाजाच्या फाइली दोन ठिकाणी ठेवा, आणि बोलणाऱ्याची परवानगी लिहून घ्या. नानीला आपलं नाव नको असेल तर नको. कागद पेटीतच राहू द्या, फोटो मात्र नीट उजेडात काढा, पाठीमागचाही. खरेदीखताच्या पाठीवर शिक्का आणि तारीख असते, पोरं तेवढीच बाजू सोडून देतात. ती तारीखही बहुतेक फसली सनाची असते, हिजरीची नाही. त्याचा हिशेब आणखी वेगळा, त्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं ठरलं आहे.