मेदकचे कथीड्रल : परका आकार, आपले हात

मध्ययुगीन युरोपातील ज्या वास्तुशैलीस पुढे ‘गॉथिक’ हे नाव पडले, तिचा उगम पॅरिसनजीकच्या सँ-दनी मठात झाला असे मानतात. मठाधिपती स्यूजे ह्यांनी तेथील वेदीभोवतालचा नवा भाग ११४४ मध्ये समर्पित केला. टोकदार कमानी व छताच्या फासळ्या ह्यांनी छपराचा भार खांबांवर उतरविला. त्यामुळे भिंतींत मोठ्या खिडक्या ठेवता आल्या आणि रंगीत काचांतून उजेड आत आला. ईश्वर प्रकाश आहे, ही श्रद्धा दगडांतून व्यक्त झाली.

ह्याच शैलीच्या पुनरुज्जीवनातून उभे राहिलेले एक भव्य मंदिर आपल्या सीमेपलीकडे, तेलंगणात आहे. आदिलाबादचा प्रदेश दक्षिण भारत मंडळीच्या ज्या धर्मप्रांतात मोडतो, त्याचे हे मुख्य मंदिर होय. मेथडिस्ट मिशनरी चार्ल्स वॉकर पॉस्नेट ह्यांच्या पुढाकाराने १९१४ मध्ये हाती घेतलेले हे काम दहा वर्षे चालले. २५ डिसेंबर १९२४ रोजी मंदिराचे समर्पण झाले. लांबी २०० फूट, रुंदी १०० फूट, आणि मनोरा १७५ फूट उंच.

त्या वर्षांत निजामाच्या राज्यातील हा भाग दुष्काळाने होरपळला होता. पॉस्नेट ह्यांनी भुकेलेल्यांना बांधकामावर घेऊन अन्न पुरविले. आराखडा इंग्रजांचा असला, तरी दगड वाहिले ते येथल्याच कष्टकऱ्यांनी.

तथापि, ख्रिस्ताच्या उपासनेस युरोपीय आकारच हवा काय? त्याच राज्यातील दोर्नकल येथे बिशप अझरिया ह्यांनी निराळे उत्तर दिले. १९३९ मध्ये समर्पित झालेल्या तेथील कथीड्रलात हिंदू व मुस्लिम वास्तुकलेची अंगे जाणीवपूर्वक योजिली आहेत. आमच्या मते हेच उत्तर अधिक दूरदर्शी होय; परंतु त्यामुळे मेदकचे मोल उणावत नाही. जे मंदिर उभे राहताना भुकेल्यांना भाकरी मिळाली, ते लोकांना परके कसे राहील?

मेदकच्या तीन मोठ्या खिडक्यांवर फ्रँक सॅलिसबरी ह्यांनी ख्रिस्तजन्म, वधस्तंभ व स्वर्गारोहण रेखाटले आहे. दिवसा ही चित्रे उजळतात. सूर्य मावळला की आतून केवळ काळी काच दिसते. नवे प्रार्थनामंदिर बांधू इच्छिणाऱ्या मंडळीस धर्मशिक्षकांनी हे आवर्जून सांगावे : काच कोणत्याही देशीची असो, प्रकाश तिचा स्वतःचा नसतो.