एका छपराखालीं दोन मांजरें

घरांत एक मांजर सुखानें नांदत असतां दुसरें आणलें, कीं पहिल्या दिवशींच रणकंदन माजतें. पाठीची कमान होते, शेपटी फुगते, गुरगुर सुरू होते. आणि घरचीं माणसें नव्या पाहुण्याला पोत्यांत घालून गांवाबाहेर सोडून येण्याच्या गोष्टी करूं लागतात. हें भांडण दुष्टपणाचें नव्हे. त्याचें मूळ मांजराच्या फार जुन्या इतिहासांत आहे, आणि त्या इतिहासाचीं कांहीं पानें मराठवाड्यांतील धान्याच्या घरांतहि वाचावयास मिळतात.

कुत्रा मूळचा कळपांत राहणारा. मांजराचे पूर्वज मात्र एकटे हिंडणारे. पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील रानमांजराच्या जातीपासून आजचें पाळीव मांजर झालें, असें अलीकडच्या आनुवंशिक संशोधनानें दाखविलें आहे. मनुष्य शेती करूं लागला, धान्य सांठवूं लागला, धान्याला उंदीर लागले, आणि उंदरांच्या मागोमाग हा एकांडा शिकारी वस्तींत शिरला. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका कबरींत माणसाशेजारीं पुरलेलें मांजर फ्रेंच संशोधकांना आढळलें. तें त्यांनीं २००४ सालीं जगापुढें मांडलें. सिंधमधील चन्हुदारो येथें १९३५-३६ च्या उत्खननांत निघालेल्या एका विटेवर मांजराच्या व कुत्र्याच्या पावलांचे ठसे उमटलेले आहेत. वीट ओली असतां आधीं मांजर व मागून कुत्रा तिच्यावरून धांवत गेला असावा. परक्याशीं एका आवारांत राहण्याचा प्रश्न मांजराला तेव्हांपासूनच पडलेला दिसतो.

मराठवाड्यांत या शिकाऱ्याला काम भरपूर होतें. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकांतील ग्रीक वृत्तांतांत पैठण व तगर या दोन मोठ्या पेठांचा उल्लेख आहे; तगर म्हणजे लातूरच्या बाजूचें आजचें तेर. तेथील कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे नेलें जाई. पुढें गोदाकांठचें नांदेड कापसासाठीं आणि लातूर धान्य व डाळींसाठीं नांवारूपाला आलें. खेड्यांतील घर म्हणजे जाड दगडमातीच्या भिंती, वर माळवद, आंत धान्याचें बळद, बाहेर जमिनींत खणलेलें पेंव. असें घर मांजरांनाहि सोयीचें होतें. एक माळवदावर ऊन खात पडे, दुसरें बळदापाशीं दबा धरून बसे, तिसरें गोठ्यांत पिलें घाली. कोणालाहि कोणाच्या तोंडासमोर दिवसभर बसावें लागत नसे. पिलांना सात घरें दाखविणारी मांजरी कोणा एकाच घरची नसे. सारी गल्ली हीच तिची जहागीर.

१८९६ सालीं मुंबईंत शिरलेली प्लेगची सांथ दख्खनभर पसरली, तेव्हां डॉक्टरांचेंहि लक्ष मांजराकडे वळलें. अमरावतीचे डॉक्टर बुकानन यांनीं १९०८ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें लिहून, ज्या गांवांत मांजरें पुष्कळ त्या गांवांत प्लेग कमी, असें मत मांडलें. मांजरालाहि प्लेग होतो व त्याच्यापासून तो माणसाला लागूं शकतो, हें आतां ठाऊक झालेलें असल्यामुळें तो उपाय आज कोणी जसाच्या तसा सांगणार नाहीं. परंतु धान्य, उंदीर व रोग यांची सांखळी खरी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारें १०,००० माणसें दगावलीं. पुष्कळ जण त्या जाड भिंतींखालींच गाडले गेले. भयानें लोकांनीं इतर गांवांतहि घरें सोडलीं, धान्य आंतच राहिलें आणि उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्टमध्यें बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं प्लेग दिसला, त्याचें हेंच कारण सांगण्यांत आलें.

भूकंपानंतर नवीं गांवें आटोपशीर घरांचीं वसलीं. नांदेड-लातूर शहरांत मजल्यांवर मजले चढले. माळवद गेलें, बळद गेलें, गल्लीची जहागीरहि गेली. आतां दोन खोल्यांत दोन मांजरांनीं नांदावें अशी अपेक्षा असते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन यांच्या निरीक्षणांत असें आलें, कीं मांजरें एकच वाट निरनिराळ्या वेळीं वापरतात आणि समोरासमोर येण्याचें टाळतात. शिवाय मांजर आपलें-परकें ओळखतें तें मुख्यतः वासानें. गाल घांसून तें घरभर आपली खूण ठेवतें. नव्या पाहुण्याच्या अंगाला ती खूण नसते, म्हणून तो शत्रु ठरतो.

यावरून उपाय आपोआप सुचतात. नव्या मांजराला प्रथम कांहीं दिवस वेगळ्या खोलींत ठेवावें. त्याचें पाणी, ताटली व मातीचें घमेलें स्वतंत्र असावें. एकाच्या अंथरुणांतलें फडकें दुसऱ्याजवळ ठेवावें, म्हणजे भेटीआधीं वासाची ओळख होते. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवूं घालावें. दोघें शांतपणें जेवूं लागल्यावर दार किलकिलें करून थोडा थोडा वेळ दर्शन घडवावें. उंच फळी व लपावयास खोकें द्यावें; घमेलीं मांजरांच्या संख्येपेक्षां एक अधिक असावें. जुंपलीच तर हात मध्यें न घालतां पुठ्ठा आड धरावा, आणि मारूं तर मुळींच नये. बोक्यांची नसबंदी केल्यानें मारामाऱ्या पुष्कळ कमी होतात. या साऱ्याला कित्येक आठवडे, क्वचित् महिनेहि लागतात. कांहीं मांजरें शेवटपर्यंत मित्र होत नाहींत. केवळ एकमेकांना सहन करतात, आणि तेवढें पुरेसें असतें.

जुनें घर आडोसा, उंची व अंतर न मागतां देत असे. लहान घरांत तें मालकानेंच विचारपूर्वक द्यावें लागतें. तें न देतां पोत्यांतून नेऊन सोडलेलें मांजर दुसऱ्या कोणाच्या तरी जहागिरींत जाऊन पडतें, आणि तेथें त्याच्यासाठीं दार किलकिलें करणारें कोणीच नसतें.