पट्ट्याआधीचे प्रेक्षक

१२ डिसेंबर २०२४, संध्याकाळच्या चहाची वेळ. सिंगापूरमध्ये डिंग लिरेनने पंचावन्नाव्या चालीला हत्ती एफ२ वर ठेवला आणि माझ्या फोनवरचा काळा-पांढरा पट्टा एका झटक्यात जवळजवळ पूर्ण काळा झाला. जगज्जेतेपद कुणाकडे जाणार, हे ऑफिसच्या कँटीनमध्ये बसलेल्या मला कळलं होतं. गुकेशला अजून कळायचं होतं! काही सेकंद तो पटाकडे नुसता बघत राहिला, मग त्याचा चेहरा बदलला.

बुद्धिबळाच्या प्रेक्षकाला खेळाडूच्या आधी उत्तर कळणं ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. त्याआधी निदान शंभर वर्षं तरी तो अंधारात बसून अंदाज बांधायचा.

१९२५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत सरकारने मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. शहरात खेळाचं एवढं वेड होतं की पुडोव्हकिनने त्यावर 'चेस फीव्हर' नावाची छोटी विनोदी फिल्म काढली आणि त्यात खुद्द जगज्जेता कापाब्लांका दिसतो. सभागृहात भिंतीवर मोठे पट टांगलेले असत. टेबलावर चाल झाली की कुणीतरी तिथली सोंगटी हलवायचं, आणि पुढचं सगळं प्रेक्षकाच्या डोक्यात. शेजाऱ्याशी कुजबुज तर होणारच.

ती कुजबुज बॉबी फिशरला सहन व्हायची नाही. १९७२ च्या रेक्याविकच्या सामन्यात तो कॅमेऱ्यांवरून आणि सभागृहातल्या आवाजावरून भांडत राहिला. पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही. ०-२. तिसरा डाव खेळायचा तर रंगमंचामागच्या छोट्या खोलीत, अशी त्याची अट. बोरिस स्पास्कीने ती मान्य केली. (माझ्या मते सामना तिथेच फिरला. इतकं सज्जन असणं जगज्जेत्याला परवडत नाही.) तिकीट काढून आलेल्यांना त्या दिवशी खेळाडू प्रत्यक्ष दिसलेच नाहीत, क्लोज्ड सर्किट टीव्हीच्या पडद्यावर पाहावं लागलं. फिशर जिंकला. स्पास्कीविरुद्ध हा त्याचा पहिलाच विजय होता.

पुढचे डाव पुन्हा प्रेक्षकांसमोर झाले. सहाव्या डावात फिशरने नेहमीचं राजापुढचं प्यादं सोडून सी४ ने सुरुवात केली आणि इतकं सुंदर खेळला की सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. हरलेला स्पास्कीही टाळ्या वाजवत होता. आज हे वाचताना मला त्या लोकांचा हेवा वाटतो. कुठलंही इंजिन त्यांना सांगत नव्हतं की ही चाल भारी आहे. त्यांना ते स्वतःला समजलं होतं, निदान जाणवलं होतं.

नंतर काच आली. १९९५ मध्ये आनंद आणि कास्पारोव्ह न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर ध्वनिरोधक काचेच्या खोलीत खेळले. २०१३ मध्ये चेन्नईत, आनंदच्या स्वतःच्या शहरात, प्रेक्षक पुन्हा काचेपलीकडेच. नवव्या डावात कार्लसनवर हल्ला चढवताना आनंदने घोडा एफ१ वर मागे घेतला, समोरून एकच उत्तर आलं आणि त्याने डाव सोडला. तोवर घराघरांत इंजिनं पोचली होती. चूक किती मोठी, हे पाहणाऱ्याला आकड्यात दिसत होतं.

आकड्याने एक वाईट गोष्ट केली. डिंगच्या त्या हत्तीनंतर चॅटमध्ये हसणाऱ्यांचा पूर आला. एका चालीतली मात ज्यांना दिसणार नाही तेही "हे कसं दिसलं नाही" म्हणत होते. तीन आठवडे, चौदा डाव, तासन्‌तास चिवट बचाव करून थकलेला माणूस तो! मीही हसलो होतो. प्रॉडक्शन कोसळल्यावर लॉग वाचून "हे तर उघडच होतं" म्हणणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, आणि मी नेमकं तेच केलं.

म्हणून २८ जुलै २०२५ ला बाटुमीहून दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे महिला विश्वचषकाचे टायब्रेक लागले तेव्हा मी पट्टा बंद केला. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले होते, पहिला रॅपिडही. नागपूरची १९ वर्षांची मुलगी, समोर तिच्या दुप्पट वयाची दिग्गज. दुसऱ्या रॅपिडमध्ये घड्याळं उतरत गेली आणि कोण पुढे आहे ते मला खरंच कळेना. एकदा वाटलं दिव्या जिंकतेय, मग वाटलं सुटलं हातातून. कॉमेंट्रीचा आवाजही घालवला. हम्पीने हात पुढे केला, तेव्हाच मला निकाल कळला. थोड्या वेळाने दिव्या आईच्या गळ्यात पडून रडत होती.