शरणपूरचे आफ्रिकी

नाशिकचा इतिहास सांगावयास बसलेला लेखक बहुधा पंचवटीपासून आरंभ करतो, पांडवलेण्यांतील शिलालेखांपाशी थोडा विसावतो, पेशवाईतील घाटांचे व देवालयांचे साग्र वर्णन करतो आणि १८१८ साली कंपनी सरकारचा अंमल बसल्यानंतरचा भाग चार ओळींत उरकून टाकतो. त्यामुळे गावाच्या पश्चिमेस शरणपूर नावाची जी ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभी राहिली, तीत पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवून नेलेली मुले वाढली, सुतारकी व लोहारकी शिकली, मराठी आणि हिंदुस्तानी बोली कानांवर घेत मोठी झाली, आणि त्यांतील कित्येकांनी पुढे स्वभूमीच्या किनाऱ्यावर परतून गुलामांच्या मालकांशी आणि त्याबरोबरच आपल्या गोऱ्या धर्मबंधूंच्या वर्णाहंकाराशीही दीर्घकाळ झगडा केला, ही हकीकत शरणपूर रस्त्याने नित्य जाणाऱ्या नाशिककरांपैकी फारच थोड्यांच्या कानी आलेली असते.

ही मुले येथवर आली कशी, हे समजण्यासाठी हिंदी महासागरावरील व्यापाराकडे पाहावे लागते. ओमानच्या सुलतानांनी झांझिबार बेटावर आपली गादी नेली, तेथे लवंगांच्या बागा लावल्या, आणि त्या बागांना माणसांचे बळ हवे म्हणून न्यासा सरोवराच्या आसपासच्या याओ व इतर लोकांची गावेच्या गावे उद्ध्वस्त होऊ लागली. पकडलेली माणसे हस्तिदंताच्या ओझ्यांसह किल्व्याच्या बंदरापर्यंत पायी हाकली जात आणि तेथून गलबतांत कोंबून झांझिबार, अरबस्तान व इराणच्या आखाताकडे रवाना होत. या व्यवहारापासून हिंदुस्थान अलिप्त होता असे मानण्याचे कारण नाही. झांझिबारच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता, हस्तिदंताचा मोठा भाग मुंबईच्या बाजारात उतरत असे, आणि १८६० साली तेथील ब्रिटिश वकील रिग्बी याने केवळ हिंदी रहिवाशांच्या ताब्यातील गुलाम मुक्त करण्याचे ठरविले तेव्हा त्यांची संख्या हजारांच्या घरात गेली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीचा हक्क कोर्टात अमान्य ठरला होता. परंतु समुद्रापलीकडे आपलीच भांडवलदार मंडळी त्या हक्कावर व्याज मोजीत होती, हे विसरून ही कथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ब्रिटिश आरमाराची जहाजे अरबी गलबते पकडीत तेव्हा सुटलेल्या माणसांचे करावयाचे काय, हा प्रश्न मुंबई सरकारपुढे पडे. काहींची रवानगी घरकामास झाली, काही गोदीत व जहाजांवर मजुरीस लागले, आणि मुलांपैकी पुष्कळशी मिशनऱ्यांच्या हवाली करण्यात आली. चर्च मिशनरी सोसायटीचे आयझेनबर्ग हे पूर्वी हबसाणात राहिलेले गृहस्थ मुंबईत या मुलांकडे लक्ष पुरवीत. आणि नाशिकला विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसविलेल्या शरणपुरात १८६० च्या सुमारास आफ्रिकी आश्रम सुरू झाला. येथे मुलांना अक्षरओळख झाली, हाताला धंदा मिळाला, पोटास अन्न मिळाले; त्याच वेळी त्यांची जन्मनावे जाऊन जेकब, मॅथ्यू, विल्यम अशी नावे आली, आणि आईबापांनी हाक मारलेले नाव कोणते हे बहुतेकांच्या बाबतीत कागदावर उरलेच नाही. आश्रमाने दिले ते थोडे नव्हते, पण जे हिरावले तेही थोडे नव्हते. दोन्ही बाजू मांडल्याखेरीज शरणपूरचे यथार्थ मूल्यमापन होत नाही.

आफ्रिकी माणसाचा पराक्रम म्हटला की मराठी वाचकास प्रथम मलिक अंबर आठवतो, आणि ते योग्यही आहे. कारण बाजारोबाजार विकला गेलेला तो हबशी निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला, १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मोगलांना त्याने दक्षिणेत स्वस्थ बसू दिले नाही, आणि त्याची जमीनधाऱ्याची पद्धत या मुलखात पुढेही स्मरणात राहिली. परंतु अंबराने तलवारीच्या बळावर सत्ता मिळविली. शरणपूरच्या मुलांपाशी फौज नव्हती, जहागीर नव्हती, मागे उभा राहणारा जमाव नव्हता. म्हणूनच त्यांचा प्रतिकार बखरींत शोधून सापडत नाही. तो नकारांत, अर्जांत, आसरा देण्यात आणि हुकूम न मानण्यात शोधावा लागतो.

१८६५ च्या सप्टेंबरात डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आला आणि आफ्रिकेच्या अंतर्भागातील आपल्या सफरीसाठी त्याने शरणपुरातून नऊ तरुण निवडले. प्रवासात हे तरुण आळशी व हट्टी आहेत अशा तक्रारी त्याने रोजनिशीत केल्या आहेत, आणि पुढील लेखकांनी त्या जशाच्या तशा उतरवून घेतल्या. त्याच रोजनिशीत मात्र एक प्रसंग असा आहे की जो वाचल्यावर या तक्रारींचे वजन निराळे भासू लागते. १८६६ साली न्यासा सरोवराच्या पूर्वेस याओ सरदार मटाका याच्या गावी नऊ जणांपैकी अब्राहम यास त्याचा मामा भेटला. अब्राहमला पळवून नेल्यानंतर त्याची आई व दोन बहिणीही अरबांना विकल्या गेल्याचे वर्तमान मामाने त्यास सांगितले आणि येथेच राहा म्हणून गळ घातली. लिव्हिंग्स्टननेही तसाच सल्ला दिला. परंतु जेथे आई नाही आणि बहीण नाही तेथे मी कोणाच्या आधाराने राहू, या अर्थाचे उत्तर देऊन तो तरुण पुढे चालू लागला. गुलामाला मुक्त करणे म्हणजे त्याला पूर्वस्थितीस नेणे नव्हे, हे जितके स्पष्ट येथे दिसते तितके कोणत्याही तहनाम्यात दिसत नाही.

१८७२ मध्ये शरणपूरचे आणखी सहा जण लिव्हिंग्स्टनच्या साहाय्यास पाठविलेल्या तांड्यातून त्याच्यापाशी पोहोचले: जेकब व जॉन वेनराइट, कारस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन, आणि रिचर्ड व बेंजामिन रटन. १८७३ च्या मेच्या आरंभी चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन निवर्तला. तेव्हा त्याच्या सफरीतले सोबती शुपांग्याचा सुसी आणि मुंबईस डॉक्टर विल्सन यांच्या शाळेत शिकलेला चुमा या दोघांच्या पुढारपणाखाली त्या साठएक माणसांनी ठरविले की, हृदय येथेच पुरावयाचे आणि देह किनाऱ्यास न्यावयाचा. जेकब वेनराइटने अंत्यविधीचा पाठ वाचला व झाडावर स्मरणलेख कोरला. देह मिठाने वाळवून सालीत गुंडाळण्यात आला. आणि सुमारे नऊ महिने, हजार मैलांहून अधिक वाट, दुष्काळ, आजार व शत्रूंचे भय यांना तोंड देत ती मंडळी चालत राहिली. वाटेत उन्यान्येंबे येथे लेफ्टनंट कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो साफ नाकारला. या नकाराकडे इतिहासकारांनी पाहावे तितके पाहिलेले नाही. साम्राज्याचा गणवेश घातलेल्या मनुष्यापुढे उभे राहून, आमचा निर्णय झालेला आहे असे सांगणारे हे लोक कोणाच्या आज्ञेची वाट पाहणारे नव्हते.

१८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता; सुसी व चुमा यांना विलायतेस नेण्यात आले ते उशिरा. समाधीच्या फरशीवर इमानी हातांचा उल्लेख आहे, त्या हातांच्या मालकांचे एकही नाव नाही. तेव्हापासून ‘इमानी सेवक’ हेच विशेषण त्यांना चिकटले. मला या विशेषणाचे फार वाईट वाटते. इमान होते यात शंका नाही. परंतु ज्यांनी स्वतः मसलत केली, मार्ग आखला, मुखियांशी वाटाघाटी केल्या, आणि ज्यांच्यापैकी वेनराइट व फरार यांनी या सर्वांची हकीकत लिहून ठेवली, त्यांना सेवक म्हणून मोकळे होणे म्हणजे इतिहासातील कर्तेपण त्यांच्या हातून काढून घेणे होय.

१८७३ हे वर्ष महाराष्ट्राच्या दृष्टीनेही संस्मरणीय आहे. ५ जून रोजी झांझिबारच्या सुलतानाने, पूर्वी मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर आणि आरमारी नाकेबंदीच्या धाकाखाली, समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद करणारा तह मान्य केला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले, आणि ते त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सदाचरणी लोकांस अर्पण केले. शूद्रातिशूद्रांचे दास्य आणि काळ्या माणसाचे दास्य एकाच दृष्टीने पाहणारा हा ग्रंथ पुण्यात लोकांच्या हाती पडत होता, त्या वर्षीच नाशिकची ती माणसे आफ्रिकेच्या रानांतून वाट काढीत होती. दोघांना परस्परांची वार्ता असल्याचा पुरावा नाही. परंतु विचार आणि कृती यांची ही समकालीनता मराठी माणसाने आपल्या इतिहासात नोंदवून ठेवावी अशी आहे.

तहानंतर फ्रिअर यांच्या सूचनेवरून प्राइस १८७४ च्या अखेरीस मोंबासास गेले आणि बेटासमोरील मुख्य भूमीवर फ्रिअरटाउन ही मुक्तांची वसाहत उभी राहिली. तिचा पाया घालण्यास नाशिक-मुंबईकडील सुमारे दीडशे आफ्रिकी नेण्यात आले; तेथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. त्यांच्या दहा वर्षे आधीच, १८६४ मध्ये, याच मंडळींपैकी जॉर्ज डेव्हिड, विल्यम हेन्री जोन्स व इश्माएल सेम्लर हे जवळच्या रबाई येथे मिशनरी रेबमान यांच्या मदतीस पोहोचले होते. शिक्षक, कारागीर, दुभाषे, उपदेशक अशी सारी कामे हीच मंडळी करीत.

खरा पेच पुढे आला. तहाने समुद्रावरील व्यापार बंद झाला, पण किनाऱ्यावर घरी व शेतात राबणाऱ्या गुलामांवरील मालकी कायदेशीरच राहिली. साहजिकच त्या गुलामांनी आपली सुटका आपल्या पायांनी करून घेण्यास आरंभ केला. मालकांच्या शेतांतून निघून ते रबाईस आणि गिर्यामा मुलखातील फुलाडोयोसारख्या रानातल्या वस्त्यांत येऊ लागले. मालकांच्या टोळ्यांनी १८८३ मध्ये फुलाडोयो उद्ध्वस्त केले, फ्रिअरटाउनवर चाल करण्याच्या धमक्या दिल्या, आणि मिशनच्या वरिष्ठांनी पळून आलेल्यांस थारा देऊ नये असे आपल्या लोकांस बजावले. परंतु रबाईचा कारभार जोन्सच्या हाती आला होता, आणि जो स्वतः बालपणी विकला गेला होता त्याच्याकडून दाराशी आलेल्या माणसाला मालकाच्या स्वाधीन करविणे कोणत्याही परिपत्रकाला शक्य नव्हते. रबाईत झोपड्या वाढत गेल्या, जमिनीचे तुकडे पाडले गेले, शेती उभी राहिली. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेम्लर यांस धर्मदीक्षा दिली. त्याच वर्षी युगांड्याच्या वाटेवर बिशपांची हत्या झाल्यावर मागे राहिलेला तांडा सुखरूप परत आणला तो जोन्सनेच.

१८८८ मध्ये ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा मॅकेंझी मोंबासास उतरला, तेव्हा मिशनच्या ठाण्यांत सुमारे चौदाशे पळून आलेले गुलाम राहत असल्याचे उघड झाले. मालकांचा उठाव टाळण्यासाठी कंपनीने त्यांना मोबदला दिला, आणि १ जानेवारी १८८९ रोजी त्या सर्वांस मुक्तीचे दाखले वाटण्यात आले. विलायतेतील ग्रंथांत हा प्रसंग मॅकेंझीच्या औदार्याचा म्हणून येतो. वस्तुस्थिती अशी की, दाखले मिळण्यापूर्वी कित्येक वर्षे ती माणसे स्वतःच मुक्त झालेली होती. कागद मागाहून आला. आणि मोबदला मिळाला तो मालकांना, जसा १८३३ च्या कायद्यानंतर ब्रिटिश वसाहतींतील गुलाममालकांना दोन कोटी पौंड मिळाले होते. राबलेल्यांच्या पदरी एक पैही पडली नाही.

मिशनच्या आतला झगडा याहून कमी तीव्र नव्हता. १८८० च्या सुमारास फ्रिअरटाउनचा ऐहिक कारभार पाहणारा गोरा अधिकारी वसाहतीतील लोकांस कैद करतो व फटके मारतो, या तक्रारी ब्रिटिश वकिलातीपर्यंत गेल्या, आणि १८८१ मध्ये प्राइस यांस पुन्हा पाठवावे लागले. फटके खाण्यासाठी आम्ही मुक्त झालो काय, असा सवाल या लोकांच्या वर्तनातून उभा राहत होता. पुढे विलायतेहून नवे तरुण मिशनरी येऊ लागले. त्यांना बॉम्बे आफ्रिकन मंडळींचे शिक्षण, इंग्रजी पोषाख आणि बरोबरीने बोलणे खपत नसे. वेतन कमी, अधिकार कमी, आणि वीस-वीस वर्षे सेवा केलेल्या माणसावर काल आलेला पोरसवदा गोरा वरिष्ठ. जोन्स व त्याचे सोबती यांनी हे मुकाट्याने सोसले नाही, तेव्हा त्यांच्यावर गर्विष्ठपणाचा शिक्का बसला. समतेची मागणी करणाऱ्या प्रत्येक दलित माणसावर तो बसतच आला आहे. काळाराम मंदिराच्या दारी २ मार्च १९३० रोजी बसलेल्या सत्याग्रहींनाही नाशिकने तेच ऐकविले.

जेकब वेनराइट १८९२ मध्ये उरांबो येथे वारला. जोन्स १९०४ मध्ये गेला. केनियाच्या किनाऱ्यावरील गुलामी कायद्याने नष्ट झाली ती १९०७ मध्ये. शरणपुरात वाढलेल्या त्या सहा जणांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात हयात होता, आणि फ्रिअरटाउनमध्ये या मंडळींचे वंशज आजही राहतात.

चर्च मिशनरी सोसायटीचे दप्तर इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात जतन केलेले आहे आणि अभ्यासकांस खुले आहे. नाशिकच्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या एखाद्या तरुण अभ्यासकाने ते दप्तर शरणपूरच्या दृष्टीने वाचावे, ही नावे मराठीत आणावी, आणि महानगरपालिकेने शरणपूर रस्त्यावर ती दगडात कोरवून घ्यावी, अशी माझी नाशिककरांस कळकळीची विनंती आहे.