दख्खन ट्रॅपमधील खनिजसंग्रह

दख्खन ट्रॅपमधील खनिजसंग्रह : महाराष्ट्राच्या काळ्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत वाढलेली स्फटिकी खनिजे, त्याच खडकातले अकीकासारखे उपरत्नांचे खडे आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात सापडणारे जीवाश्म गोळा करण्याचा, जतन करण्याचा व विकण्याचा व्यवहार. झिओलाइट गटातील खनिजे व ॲपोफायलाइट यांच्या नमुन्यांमुळे पुणे, नाशिक, जळगाव ही नावे जगभरच्या संग्राहकांना तोंडपाठ आहेत. यातले फारच थोडे नमुने खास त्यांच्यासाठी खणलेल्या खाणीतून आले. विहीर खोदताना, रेल्वेचा बोगदा पाडताना, रस्त्यासाठी खडी फोडताना, म्हणजे दुसऱ्याच कामाच्या ओघात ते हाती लागले. या संग्रहाची श्रीमंती त्यातूनच आली आणि त्याचा सर्वांत मोठा दोषही त्यातूनच आला.

निर्मिती : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे लोट एकामागून एक बाहेर पडले आणि थरावर थर साचत गेला. आज हा खडक, म्हणजेच दख्खन ट्रॅप, सुमारे ५ लाख चौ. किमी. प्रदेश व्यापतो. सह्याद्रीत थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. थिजणाऱ्या लाव्हातून वायू निसटू पाहतो. जो निसटत नाही त्याच्या पोकळ्या होतात. काही वाटाण्याएवढ्या असतात, काहींत माणूस वाकून शिरू शकेल. पुढे खडकात मुरलेले उष्ण पाणी बेसाल्टमधले कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका विरघळवून घेते आणि या पोकळ्यांत स्फटिकांच्या रूपाने सोडते. हे काम लाव्हा थंड झाल्याबरोबर उरकलेले नाही. कित्येक पोकळ्यांतले ॲपोफायलाइट लाव्हापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान आहे. म्हणून एकाच पोकळीत आधी गारेचा पातळ थर, त्यावर ह्यूलँडाइट, त्यावर स्टिल्बाइट आणि सर्वांत वर ॲपोफायलाइट असा क्रम आढळतो. तो क्रम वाचता येणे हा या छंदातला खरा आनंद आहे. नुसत्या चकाकीवर भाळणारा संग्राहक त्याला मुकतो.

मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे रू. न. सुखेसवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातील झिओलाइटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोमोंटाइट, स्कोलेसाइट, ह्यूलँडाइट अशा प्रमुख खनिजांनुसार प्रदेशाचे पट्टे पडतात, अशी मांडणी त्यांनी केली.

प्रमुख खनिजे : झिओलाइट हे नाव स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिले. ही खनिजे तापवली की फसफसतात, कारण त्यांच्या स्फटिकांतील सूक्ष्म मार्गांत पाणी असते. ते पाणी घालवता येते आणि परत भरताही येते. या गुणामुळे कृत्रिम झिओलाइट आज धुण्याच्या पावडरीपासून तेलशुद्धीकरणापर्यंत वापरले जातात. स्टिल्बाइटचे पीच रंगाचे स्फटिक मधोमध बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना पसरतात. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया असतात. ह्यूलँडाइटला मोत्यासारखी झाक असते. हे नाव हेन्री ह्यूलंड या लंडनच्या खनिज-व्यापाऱ्यावरून १८२२ मध्ये पडले.

ॲपोफायलाइट झिओलाइटांच्या सोबतीने सापडत असले तरी त्या गटात मोडत नाही. याचे चौकोनी बैठकीचे, टोकाला निमुळते, पाण्यासारखे पारदर्शक स्फटिक नवशिक्यालाही ओळखता येतात. व्हॅनेडियमच्या अंशामुळे काही स्फटिकांना हिरवा रंग येतो. पुण्याच्या पाषाण टेकड्यांतल्या खाणींतून १९७० च्या दशकात असे हिरवे नमुने निघाले. पुढे २००१ मध्ये राहुरीजवळ मोमिन आखाडा येथील विहिरीतून हिरव्या स्फटिकांचे गोळे बाहेर आले. परदेशी बाजारात त्यांना ‘डिस्को बॉल’ असे नाव मिळाले. नाव काहीसे उथळ आहे, पण नमुने अव्वल आहेत.

पुण्याजवळच्या वाघोलीचे कॅव्हनसाइट ही या प्रदेशाची खास मिरास म्हणावी लागेल. कॅल्शियम व व्हॅनेडियमचे हे गडद निळे सिलिकेट मुळात अमेरिकेतील ओरेगन राज्यात सापडले आणि १९७३ मध्ये शास्त्रीय नोंदीत आले. तिथले स्फटिक अगदी बारीक आहेत. वाघोलीच्या दगडखाणींत मात्र पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले टपोरे निळे पुंजके निघाले आणि जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहांत आज तेच दिसतात. त्याच रासायनिक घडणीचे पण वेगळ्या स्फटिकरचनेचे पेंटॅगोनाइटही तिथे मिळाले. नाशिकजवळच्या पांडवलेणी परिसरातील खाणी पॉवेलाइट व गूसक्रीकाइट यांच्यासाठी, तर मुंबईतील मालाड व कांदिवलीच्या खाणी प्रेहनाइट, ओकेनाइट, बॅबिंग्टोनाइट यांच्यासाठी नावाजल्या. ओकेनाइटचे गोळे अत्यंत बारीक पांढऱ्या तंतूंचे असतात. त्यांना बोट लावू नये. एकदा चेपलेला तंतू पुन्हा उभा राहत नाही.

इतिहास : या खडकातल्या दगडांचा व्यापार दोन हजार वर्षांहून जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचला गाड्यांतून ओनिक्स जात असल्याची नोंद आहे. गुजरातेत राजपीपळ्याजवळ रतनपूरचा अकीक आणि खंभातची मणी घडवण्याची परंपरा त्याहून मागे, हडप्पा संस्कृतीपर्यंत पोचते. रतनपूरचे खडे भाजले की त्यांतील लोहामुळे लाल होतात. आजच्या व्यापारात रंग चढवलेल्या दगडांकडे संशयाने पाहिले जाते. खंभातच्या कारागिरांनी मात्र ही युक्ती कधी लपवली नाही.

मराठी घरांतला सर्वांत जुना दगडसंग्रह देवघरात असतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. पंचायतनातील विष्णू म्हणजे नेपाळातील गंडकीचा शाळिग्राम, जो बहुधा अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचा जीवाश्म असतो. शिवाचा बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा दगड शोण नदीचा, देवीचा स्वर्णमुखीचा आणि सूर्याचा स्फटिक तंजावरजवळच्या वल्लमचा. पाचांपैकी प्रत्येकाला ठरलेली जागा आहे. दगड कुठून आला हे माहीत असल्याशिवाय तो पूजेत बसत नाही. आधुनिक संग्राहकाला जी शिस्त लावून घ्यावी लागते ती इथे श्रद्धेने आधीच पाळली होती.

आधुनिक संग्रहाचा आरंभ बोरघाटातून धरावा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे घाटातले काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. २५ बोगदे पाडले गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी काम पुढे चालवले. साथींनी मजूर हजारोंनी मेले. सुरुंगांनी उघड्या पडलेल्या पोकळ्यांतले ॲपोफायलाइट व स्टिल्बाइट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचले. ज्यांच्या घणाखाली ते निघाले त्या मजुरांची नावे मात्र नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर नाहीत.

जीवाश्मांच्या बाबतीत पहिले नाव स्टीफन हिस्लॉप यांचे. नागपुरात राहणाऱ्या या मिशनऱ्याने रॉबर्ट हंटर यांच्यासोबत १८५० च्या दशकात टाकळीजवळच्या आंतरस्तरीय गाळातून गोड्या पाण्यातील शंख, कीटक, फळे व बिया गोळा केल्या. लाव्हाच्या दोन उद्रेकांमध्ये तळी भरायला आणि झाडे वाढायला पुरेसा काळ गेला होता, याचा तो पुरावा ठरला. मांगली येथून मिळालेल्या उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. हा प्राणी ट्रॅपपेक्षा पुष्कळ जुना आहे. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्यात बुडून मरण पावले. हिस्लॉपाइट हे हिरवट कॅल्साइट त्यांच्या नावाने ओळखले जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याची डायनोसॉरची हाडे व अश्मीभूत विष्ठा आणि गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमचे जीवाश्म उद्यान हीही विदर्भातली अभ्यासाची ठिकाणे आहेत.

व्यापार : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विहिरी, धरणे व शहरे वाढली तशा दगडाच्या खाणी वाढल्या आणि १९७० च्या दशकापासून नमुन्यांची निर्यात जोरात सुरू झाली. ‘मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’ या अमेरिकन नियतकालिकाने २००३ मध्ये बेर्टोल्ट ओटेन्स यांचा दख्खनच्या खनिजांवरचा विस्तृत लेख छापला. खाणमजुराकडून स्थानिक दलाल, त्याच्याकडून मुंबई-पुण्याचा व्यापारी आणि तिथून ॲरिझोनातील टूसॉन किंवा जर्मनीतील म्युनिकचे प्रदर्शन अशी ही साखळी असते. मालाची जागा फुटली तर दुसरा गिऱ्हाईक थेट खाणीवर पोचेल, या भीतीने जागा दडवली जाते. त्यामुळे चिठ्ठीवर ‘पूना’ किंवा ‘जळगाव’ एवढेच उरते आणि शेकडो किलोमीटरांचा मुलूख त्या एका शब्दात गडप होतो. शास्त्राच्या दृष्टीने असा नमुना शोभेची वस्तू ठरतो. दरम्यान पाषाण, मालाड, कांदिवली येथील खाणी शहराखाली गेल्या. तिथे जाऊन पडताळणी करण्याची सोय उरलेली नाही.

फसवणूकही चालते. गुलाबी किंवा निळे ओकेनाइट हमखास रंगवलेले असते. कॅव्हनसाइटचे सुटे पुंजके स्टिल्बाइटवर डिंकाने चिकटवलेले आढळतात. भिंगाखाली सांध्याची चमक दिसते.

कायदा व संग्रहालये : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांवरील हक्क राज्य शासनाचा आहे. खाणपट्टे खडी-डबरासाठी दिले जातात आणि शोभिवंत स्फटिकांचा त्यात विचार क्वचितच असतो. भूवारसा स्थळे व भूअवशेष यांच्या संरक्षणाच्या विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. राज्यात सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील ‘गारगोटी’ हे के. सी. पांडे यांनी उभारलेले खासगी संग्रहालय या खनिजांसाठी सर्वांत उपयुक्त आहे. जो खडक राज्याच्या बहुतांश भागाखाली आहे त्याच्या खनिजांचे दर्शन एका व्यक्तीच्या उत्साहावर सोपवले जावे, ही सरकारी अनास्था म्हणावी लागेल.

जतन : लोमोंटाइट कोरड्या हवेत पाणी गमावून भुगा होते, ते संग्रहात टिकवणे कठीण. स्कोलेसाइट, नॅट्रोलाइट यांना तीव्र आम्ल लावू नये, ती विरघळून लगदा होतात. उन्हात ठेवल्यास जांभळ्या गारेचा रंग उडतो. प्रत्येक नमुन्याच्या पाठीमागे न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर शाईने क्रमांक घालावा आणि त्या क्रमांकापुढे वहीत गाव, तालुका, विहीर की खाण, किती खोलीवर आणि कोणत्या तारखेला मिळाला हे लिहावे. शक्य तर तो काढणाऱ्याचे नावही लिहावे. हाड किंवा अश्मीभूत लाकूड दिसल्यास ते उचलू नये. जागेचे छायाचित्र घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवावे.