रिकाम्या क्षणांची वाटणी

घरगुती संगणकाचे पुष्कळसे क्षण रिकामेच जातात. ते विज्ञानाला अर्पण व्हावेत, या हेतूने बर्कलीच्या विद्यापीठाने १९९९ मध्ये पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीवांच्या संकेतांचा शोध घरोघर वाटून दिला. २००३ मध्ये ऑक्सफर्डने हवामानाच्या भाकितासाठी तोच मार्ग धरला. परंतु दोहोंच्या आज्ञावल्या निराळ्या. एकाच यंत्रावर त्या बसविल्या, की दोन्ही त्याच क्षणांवर हक्क सांगत. वाटणी मालकाच्या हाती फारशी उरत नसे. डेव्हिड अँडरसन यांच्या 'बॉइंक' व्यवस्थेने हा पेच सोडविला. २००४ मध्ये दोन्ही कार्ये तिच्यात आली. कोणाला किती वाटा, हे मालक ठरवू लागला. एकाकडे काम नसले, तर त्याचा वाटा दुसऱ्यास मिळे. २०२० मध्ये बर्कलीने संकेतशोधाचे कामवाटप थांबविले, तरी दात्यांचे क्षण इतर कार्यांस मोकळे राहिले. दान अल्प असले, तरी त्याच्या विनियोगाचा अधिकार दात्याचाच, हे तत्त्व येथे जपले गेले.